पटावर नाव, फडात पोर

दसऱ्याच्या दिवशी महाराष्ट्रातील शाळाशाळांतून पाटीपूजन होते. एकाच्या आकड्यांनी पाटीवर सरस्वती रेखाटली जाते, तिला झेंडूचे फूल वाहिले जाते आणि विद्येच्या देवतेपुढे चिमुकले हात जोडले जातात. सायंकाळी सोने लुटले जाते, सीमोल्लंघन होते. बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेल्या गावांचे मात्र याच सुमारास एक निराळे सीमोल्लंघन सुरू होते. बीड जिल्ह्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून आणि शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगावच्या पट्ट्यातून ऊसतोड मजुरांच्या गाड्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या-कोंबड्या, चुलीचे सरपण आणि त्या साऱ्यावर बसलेली मुले. कोणी पश्चिम महाराष्ट्रात उतरते, कोणी थेट कर्नाटकात जाते. सीमेपलीकडे जाऊन विजय मिळवावा, या अर्थाचा तो सण; या मुलांच्या वाट्याला मात्र सीमेपलीकडे जाऊन हरणेच येते. ज्या पाटीचे काल पूजन झाले, ती पाटी घराच्या कोनाड्यात राहते आणि मूल उसाच्या फडात पोहोचते.

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि एप्रिलमध्ये संपते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे या मुलांचे दुसरे सत्र दरवर्षी, न चुकता, संपूर्णपणे बुडते. अर्ध्या वर्षाच्या शिक्षणावर मूल पुढच्या वर्गात जाते, पुन्हा अर्धे वर्ष शिकते, पुन्हा निघून जाते. आठ वर्षांची शाळा त्याच्या वाट्याला चार वर्षांपुरतीच येते, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. या काळात हजेरीच्या पुस्तकात त्याचे नाव असते. शासकीय तक्त्यात तो विद्यार्थी असतो. प्रत्यक्षात तो फडात वाढे गोळा करीत असतो, कोपीशेजारी धाकट्या भावंडाला सांभाळीत असतो, किंवा दूरच्या नळावरून पाणी आणीत असतो. नाव पटावर आणि पोर फडात, ही या महाराष्ट्राची वर्षानुवर्षांची स्थिती आहे. विकसनशील देशांतील मुले शाळा का सोडतात, या प्रश्नावर जगभर पुष्कळ लिहिले-बोलले जाते. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मराठी माणसाला परदेशात जाण्याची आवश्यकता नाही. एका उसाच्या फडाच्या बांधावर उभे राहिले तरी पुरे.

वास्तविक पाहता हा प्रश्न ज्या भूमीत सर्वांत आधी विचारला गेला, ती ही भूमी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण वयाच्या बारा वर्षांपर्यंत तरी सक्तीचे करावे, अशी मागणी केली. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये बडोदे संस्थानातील अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. परकीय सरकारने पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले. राजर्षी शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये आपल्या करवीर संस्थानात शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या पंचेचाळीसाव्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे अभिवचन दिले. ती मुदत १९६० साली संपली. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि त्याचा कायदा प्रत्यक्ष अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. गोखल्यांच्या विधेयकापासून मोजले तर शतकाला केवळ एक वर्ष कमी. एका साध्या, न्याय्य गोष्टीला कायद्याचे रूप देण्यास देशाला इतका काळ लागावा, ही विषण्ण करणारी बाब होय.

या दीर्घ वाटचालीत काहीच साधले नाही, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. आज वाडी-वस्तीवर शाळा पोहोचली आहे. सहा ते चौदा या वयोगटातील बहुतेक प्रत्येक मुलाचे नाव कोणत्या ना कोणत्या शाळेत दाखल आहे. सर्व शिक्षा अभियान, मध्यान्ह भोजन, मोफत पाठ्यपुस्तके यांनी मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणले, हे श्रेय संबंधितांना द्यावयास हवे. परंतु दारापर्यंत येणे निराळे आणि आत टिकणे निराळे. २०२१-२२ च्या शासकीय आकडेवारीनुसार देशातील वार्षिक गळतीचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दीड टक्का, उच्च प्राथमिक स्तरावर तीन टक्के आणि माध्यमिक स्तरावर १२.६ टक्के होते. शेवटचा आकडा नीट वाचण्याजोगा आहे, कारण तो एका वर्षाचा आहे. नववी आणि दहावी या दोन वर्षांत हाच क्रम राहिला, तर शंभरांतील तेवीस-चोवीस मुले शालान्त परीक्षेच्या उंबरठ्यावरून मागे फिरतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्वतःच मान्य केले आहे की, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार सहा ते सतरा वयोगटातील ३ कोटी २२ लाख मुले शाळेबाहेर होती. अनेक देशांची संपूर्ण लोकसंख्याही एवढी नसते.

ही मुले शाळा का सोडतात? सुशिक्षित समाजात या प्रश्नाचे एक तयार उत्तर असते. पालक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही. हे उत्तर सोयीचे आहे, कारण ते देणाऱ्याची जबाबदारी तेथेच संपते. परंतु ते खरे नाही. ज्याने उभे आयुष्य कोयता चालविला, त्याच्याइतके शिक्षणाचे मोल दुसऱ्या कोणास कळणार? आपल्या लेकराच्या हाती कोयता येऊ नये, ही त्याच्याइतकी तीव्र इच्छा कोणाची असणार? त्याचा अडसर अज्ञानाचा नाही. तो व्यवहाराचा आहे.

तो व्यवहार समजून घेतला पाहिजे. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. हंगामापूर्वी मुकादम या जोडीला ‘उचल’ देतो. ही उचल म्हणजे आगाऊ मजुरी, म्हणजेच कर्ज. पावसाळ्यातील उसनवारी, दवाखाना, लेकीचे लग्न, कोरडवाहू रानातील बी-बियाणे यांत ती हंगामापूर्वीच संपून जाते. पुढचे पाच-सहा महिने तोडलेल्या उसाच्या टनावर ती फेडावयाची असते. एक दिवस खाडा झाला तर दंड बसतो. फेड पूर्ण झाली नाही तर बाकी पुढील हंगामावर चढते. अशा स्थितीत मूल मागे कोणाजवळ ठेवावयाचे? म्हातारे आई-वडील असतील, त्यांची प्रकृती धड असेल, तर एखादे मूल त्यांच्यापाशी राहते. नसतील तर सारे बिऱ्हाड गाडीत चढते. फडात पोहोचल्यावर आठ-नऊ वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला कडेवर घेते, म्हणून आई मोळ्या बांधू शकते. बारा-तेरा वर्षांचा मुलगा हाताशी आला की दिवसाचे टन वाढतात. या मुलाला शाळेत घालावयाचे म्हणजे कुटुंबाने स्वतःच्या हाताने आपली फेड लांबविणे होय. शाळा मोफत आहे, असे कायदा म्हणतो. परंतु शुल्क माफ झाले म्हणून मुलाचा वेळ मोफत होत नाही. त्या वेळेची किंमत गरीब घर रोज मोजत असते आणि ती कोणत्याही शासकीय अंदाजपत्रकात दिसत नाही.

हीच कथा वीटभट्टीवर, खडी केंद्रावर, बांधकामाच्या ठिकाणी, मासेमारीच्या बंदरावर थोड्याफार फरकाने आढळते. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास पूर्ण बंदी आली. मात्र शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या व्यवसायात मदत करण्याची मुभा राहिली. फडात मूल नोकर म्हणून नसतेच. ते आई-बापांच्या मदतीला असते. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ते कामगार नसते, आणि शाळेच्या दृष्टीने ते केवळ गैरहजर असते. दोन कायद्यांच्या फटीत अख्खे बालपण हरवते.

मुलींच्या बाबतीत हा व्यवहार अधिक कठोर होतो. कोयता म्हणजे जोडी. एकट्या मुलाला अर्धा कोयता मानतात आणि त्याला उचलही अर्धीच मिळते. लग्न झाले की कोयता पुरा होतो. त्यामुळे मुलाच्या घरी सून लवकर आणण्याची घाई असते. मुलीच्या घरी निराळी धास्ती असते. वयात आलेली मुलगी गावात एकटी मागे ठेवता येत नाही, आणि फडात आडोसा नसलेल्या कोपीत तिची काळजी वाटते. मग चौदाव्या-पंधराव्या वर्षी तिचे लग्न उरकले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांपूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण देशात २३.३ टक्के आढळले. बीड जिल्ह्यात ते चाळीस टक्क्यांहून अधिक होते. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ पासून आहे. परंतु ज्या घराला लेकीच्या सुरक्षिततेची हमी कोणीच देत नाही, त्या घरापुढे नुसता कायदा वाचून दाखविणे हा ढोंगीपणा ठरतो. स्त्रीला देवीस्वरूप मानणाऱ्या समाजात मुलीच्या सुरक्षिततेचा उपाय म्हणून तिची शाळा बंद करावी लागते, याची लाज त्या बापाला नव्हे, समाजाला वाटावयास हवी.

आर्थिक ओढाताण हे पहिले कारण खरे, पण एकमेव नव्हे. शाळेतच असूनही मूल शाळेपासून तुटत जाते, हे दुसरे कारण आहे. २०१८ च्या ‘असर’ अहवालात ग्रामीण भारतातील पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पाठ्यपुस्तकातील मजकूर वाचता आला नव्हता. करोनाच्या साथीत मार्च २०२० पासून महाराष्ट्रातील पहिली ते चौथीचे वर्ग सुमारे पावणेदोन वर्षे बंद राहिले, तेव्हा ही दरी आणखी रुंदावली. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी सातवीचे इतिहासाचे पुस्तक म्हणजे काळ्या रेघांचे पान. तो वर्गात मागे बसतो, गप्प राहतो, हळूहळू येईनासा होतो. मग पाहणी करणाऱ्याने कारण विचारले की, उत्तर मिळते, शिक्षणात रस नाही. त्याचा रस कसा आटला, हे मात्र कोणी विचारीत नाही. मुलांना नापास न करण्याचे धोरण आले तेव्हा त्याचा हेतू चांगला होता. परंतु पुढे ढकलणे म्हणजे पुढे नेणे नव्हे, याचा विसर पडला. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये ती स्वीकारली. पण अर्धे वर्ष फडात घालविणाऱ्या मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसविले, तर ते शिकेल की कायमचे निघून जाईल? ढकलणे आणि अडविणे, या दोहोंपेक्षा शिकविणे निराळे आहे, आणि उपाय तोच आहे.

भाषेचाही विचार येथे करावा लागतो. मेळघाटातील मूल घरी कोरकू बोलते, गडचिरोलीतील गोंडी, सातपुड्याच्या कुशीत भिलोरी किंवा पावरी. सहाव्या वर्षी ते शाळेत येते तेव्हा गुरुजींची प्रमाण मराठी त्याला परकी असते. घटनेच्या ३५० अ कलमाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे, आणि नव्या धोरणानेही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला आहे. प्रत्यक्षात मुलाची भाषा समजणारा शिक्षक क्वचितच लाभतो. ऊसतोड मजुराचे मूल कर्नाटकातील गावी पोहोचले की शेजारी शाळा असते, पण ती कानडी असते. शाळा डोळ्यांना दिसते, कानांना कळत नाही.

तिसरे कारण म्हणजे अंतर. महाराष्ट्रातील बहुसंख्य खेड्यांत शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असते. पुढचा वर्ग दुसऱ्या गावी. मध्ये ओढा, घाट, निर्मनुष्य रस्ता आणि दिवसातून दोनदा येणारी, कधी न येणारी एसटी. शिक्षण हक्क कायद्याची मर्यादाही आठवीपर्यंतच आहे. म्हणजे नेमक्या ज्या टप्प्यावर मूल गळते, त्याच टप्प्यावर कायदा त्याचा हात सोडतो. अशा स्थितीत कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचा विचार २०२३ मध्ये राज्यात पुढे आला, तेव्हा वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे पंधरा हजार शाळांची चर्चा झाली. चांगली इमारत, अधिक शिक्षक, प्रयोगशाळा हे सारे इष्टच आहे. तथापि, वस्तीवरील आठ मुलांपैकी तीन मुलींची शाळा अंतर वाढल्याने सुटणार असेल, तर त्या सुधारणेचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. पटसंख्या कमी म्हणून एखाद्या मुलाचा हक्क कमी होत नाही.

या साऱ्याहून गंभीर बाब आहे ती न पाहण्याची. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात पटपडताळणीची मोहीम झाली, तेव्हा पटावर असलेली लाखो मुले वर्गात सापडली नाहीत. तुकड्या टिकाव्यात, अनुदान टिकावे, यासाठी नावे फुगविली गेल्याचे राज्याने तेव्हा पाहिले. पुढे ४ जुलै २०१५ रोजी शाळाबाह्य मुलांचे राज्यव्यापी सर्वेक्षण झाले, तेही एका दिवसात. हेतू प्रामाणिक असेल. पण जुलैत ऊसतोड मजूर गावातच असतो. त्याचे मूल त्या दिवशी शाळेत असते किंवा अंगणात खेळत असते. ते शाळेबाहेर जाते नोव्हेंबरात. पावसाळ्यात मोजदाद करून हिवाळ्यातील गळती कशी कळावी? मराठीत ‘शाळा सोडल्याचा दाखला’ असा एक कागद असतो. गंमत अशी की, तो दाखला मिळतो तो मुलगा पुढच्या शाळेत जाण्यासाठी. जो खरोखर शाळा सोडतो, त्याला कोणताच दाखला मिळत नाही. तो निघून गेल्याची नोंददेखील होत नाही, कारण नोंद झाली तर पट कमी होतो.

कायद्यानेही एक विचित्र अनुभव दिला. शिक्षण हक्क कायदा येण्यापूर्वी काही स्वयंसेवी संस्थांनी साखर कारखान्यांच्या परिसरात ‘साखरशाळा’ चालविल्या होत्या. कोप्यांच्या शेजारी, ताडपत्रीच्या छपराखाली, हंगामापुरत्या. त्या आदर्श नव्हत्या, पण मूल तेथे अक्षराच्या संगतीत राहत असे. कायद्याने औपचारिक, मान्यताप्राप्त शाळेचा आग्रह धरला आणि या अनौपचारिक शाळांना जागा उरली नाही. मुलांनी कारखान्याजवळच्या नियमित शाळेत दाखल व्हावे, अशी अपेक्षा होती. त्यासाठी शिक्षण हमी पत्रक काढण्यात आले, जेणेकरून मूल जेथे जाईल तेथे त्याला प्रवेश मिळावा. अपेक्षा योग्य होती. पण फड आज या गावी, तर पंधरा दिवसांनी पुढच्या. शाळा तीन-चार किलोमीटरवर. पहाटे चारला आई-बाप फडात गेलेले. मुलाचे तोंड धुवून, डबा देऊन, हात धरून त्याला शाळेत नेणारे कोण? तत्त्व शुद्ध राहिले आणि मूल पुन्हा बाहेर राहिले.

मग उपाय काय? सुदैवाने उत्तरासाठी चाचपडण्याचे कारण नाही, कारण तेही याच भूमीत सापडलेले आहे. शाहू महाराजांनी केवळ दंड लावला नाही; त्यांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात असे छात्रालय काढले की, जेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. ‘कमवा आणि शिका’ या त्यांच्या सूत्राने गरिबाच्या मुलाचा स्वाभिमान राखून त्याला शिकविले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात शाळेची व्याख्याच पालटली. गुरे राखणारे मूल शाळेत येऊ शकत नाही, तर शाळाच कुरणात नेली. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीत पारधी व अन्य भटक्या-विमुक्त समाजांच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी राहिली. ज्या जमातींवर १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता आणि जो शिक्का स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये पुसला, त्यांच्या मुलांना तेथे घर मिळाले. या साऱ्यांचे सूत्र एकच. मुलाने शाळेच्या वेळापत्रकात बसावे, असा हट्ट त्यांनी धरला नाही. मुलाच्या जगण्याप्रमाणे त्यांनी शाळेला वळविले.

देशाच्या अन्य भागांतील अनुभवही हेच सांगतो. तमिळनाडूने १९८२ मध्ये शालेय भोजन योजना मोठ्या प्रमाणावर राबविली. पुढे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजविलेले अन्न देशभरातील मुलांच्या ताटात आले. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या आणि गावाबाहेरची शाळा त्यांच्या आवाक्यात आली. महाराष्ट्रात मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत त्यांच्यासाठी गाड्या धावतात. जेथे गाडी वेळेवर येते, तेथे मुली शिकतात. भाषणांनी जे साधले नाही, ते एक ताट, एक सायकल आणि एका बसने साधले आहे.

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालविण्याची योजना आहे. मूल गावी राहते, आपल्याच शाळेत जाते, जेवणाची सोय तेथेच होते. संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुला-मुलींची ८२ शासकीय वसतिगृहे काढण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला आहे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये आणि तेवढीच रक्कम शासनाकडून, अशी तरतूद ठरली आहे. म्हणजे विचार आहे, योजना आहे, पैशाची वाटही आखलेली आहे. उणीव आहे ती वेळेची आणि आस्थेची. हंगामी वसतिगृहाची मंजुरी अनेकदा गाड्या निघून गेल्यावर येते. निधी हंगामाच्या मध्यावर पोहोचतो. एकदा ट्रॉलीत चढलेले मूल मंजुरीचा कागद पाहून परत येत नाही. यासाठी एकच साधी गोष्ट करावयास हवी. ऊसतोडीच्या प्रत्येक गावात वसतिगृहाची चूल दसऱ्यापूर्वी पेटली पाहिजे. उचल वाटण्याच्या काळातच कोणते कुटुंब जाणार, त्यात किती मुले आहेत, याची यादी शाळेकडे तयार असली पाहिजे. मुकादमाला जे जून-जुलैत ठाऊक असते, ते शासनाला डिसेंबरात कळते, ही नामुष्की टाळता येण्याजोगी आहे. मुलींच्या वसतिगृहात स्त्री अधीक्षिका, पक्के स्वच्छतागृह आणि कुलूपबंद दार असेल, तर लग्नाची घाई करणारा बापदेखील दोन वर्षे थांबेल. शिक्षकाच्या मागे लागलेली शेकडो माहितीपत्रके आणि अशैक्षणिक कामे कमी केली, तर तो या मुलांच्या बुडालेल्या धड्यांसाठी मे-जूनमध्ये जादा वर्ग घेऊ शकेल.

कारखान्यांनाही यातून अंग काढून घेता येणार नाही. राज्यात प्रत्येक हंगामात सुमारे दोनशे कारखाने धुरांडी पेटवितात. त्यांतील अनेक कारखाने सहकाराच्या पवित्र तत्त्वावर उभे राहिले. शेतकरी सभासदाला लाभांश मिळतो, साखर मिळते; पण त्याचा ऊस तोडणारा मजूर मुकादमाचा माणूस म्हणून हिशेबाबाहेर राहतो. ज्या साखरेने दिवाळीचे फराळ गोड होतात, तिच्या प्रत्येक पोत्यामागे कोणा मुलाचे एक सत्र बुडालेले आहे, याची जाणीव सहकाराच्या धुरीणांना असली पाहिजे. कारखान्याच्या तळावर पाळणाघर आणि अभ्यासिका उभारणे हे दान नव्हे, तो उत्पादनखर्चाचाच भाग होय.

शेवटी समाजाचा प्रश्न उरतो. गावात जो घरीच राहतो, त्याने जाणाऱ्याच्या मुलाला घास द्यावा, ही या समाजाची जुनी रीत आहे. पुण्यात शिकावयास येणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला कधीकाळी सात घरांनी आठवड्याचे सात वार लावून दिले आणि त्या वारांवर विद्वानांच्या पिढ्या वाढल्या. त्या काळी हा घास बहुधा स्वजातीच्या मुलालाच मिळे, हा त्या रीतीचा दोष होता. आज तो घास जातीचा कोणताही प्रश्न न विचारता ऊसतोड मजुराच्या, पारध्याच्या, वीटभट्टीवरील मजुराच्या मुलापर्यंत गेला, तर रीतही टिकेल आणि दोषही धुतला जाईल. निवृत्त शिक्षकांनी संध्याकाळचा अभ्यासवर्ग घ्यावा, तरुण मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतील काही भाग वसतिगृहाच्या अंथरुणांसाठी ठेवावा, शाळा व्यवस्थापन समितीने गाडी निघण्यापूर्वी घरोघरी जाऊन विचारावे की, पोर कोणाकडे ठेवता? यांतील एकाही गोष्टीसाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

राष्ट्राचे वैभव महामार्गांनी आणि निर्यातीच्या आकड्यांनी मोजले जाते. ते मोजावे. परंतु ज्या मुलाला आपल्या बापाच्या उचलीच्या कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नाही, ते मूल उद्या त्याच कागदावर अंगठा उमटविते, आणि आणखी एक पिढी मुकादमाच्या वहीत जमा होते. तो अंगठा सहीत बदलणे, एवढीच या सर्व कायद्यांची, योजनांची आणि भाषणांची कसोटी आहे. येत्या दसऱ्याला पाटीचे पूजन होईलच. पूजनानंतरच्या सोमवारी ती पाटी ज्याची आहे ते मूल वर्गात बसलेले आहे की नाही, हे पाहावयास कोणी गेले, तरच ती पूजा सरस्वतीला पोहोचली असे म्हणता येईल.